विमानानं आलेली बाई

बैहरच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो. नकाशावर दोरा ताणून मुलांना मुंबई-नागपूर हवाई अंतर दाखवायचो: सुमारे सातशे किलोमीटर, पावणेदोन तास. स्वतः मात्र विमान खालूनच पाहिलेलं. म्हणून बालाघाटहून परतताना बसमध्ये, बोलता बोलता ओळख झाल्यावर शेजारची बाई सहज म्हणाली, "काल मुंबईहून इमानानं आली," तेव्हा माझा जळफळाट झाला. तिच्या पायात झिजलेल्या चपला, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीचा बंद ती सारखा बोटाला गुंडाळायची आणि सोडायची.

"वरून काय काय दिसलं?" मी विचारलं.

"काईच नाई पाह्यलं, गुरुजी. उकव्याले माय लय बिमार हाय. पोरानं तिकीट काढून देल्लं. मी डोये मिटून मायलेच पाहून राह्यली होती."

एवढं आकाश मिळालं आणि हिनं डोळे मिटले! मला रागच आला. पुढे घाटात बस बंद पडली. "मुंबईहून नागपूरले आली, तेवढा टाइम तं इथंच गेला," ती रडवेली होऊन म्हणाली. मला मनातून बरं वाटलं, हे कबूल करतो.

बैहरच्या अलीकडे, उकव्याच्या थांब्यावर तिचा भाऊ उभा होता. बस थांबायच्या आत तिनं खिडकीतून विचारलं, "माय?"

"हाय. तुहीच वाट पाहून राह्यली."

ती धावतच गेली.

माझा मुलगा जबलपूरला, बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. माझ्या आजारपणातही आला नव्हता. बैहर येईपर्यंत मी कधी न पाहिलेल्या त्या म्हाताऱ्या मायवर जळत होतो.