अमावास्येचं व्याख्यान

टीव्हीवर आकाश समजावून सांगणारे ते खगोलशास्त्रज्ञ गेले. वाशीच्या शोकसभेत पाच वक्त्यांनी, शनीची कडी आपल्याला पहिल्यांदा त्यांनीच दाखवली, असं सांगितलं. दोघांनी ते फोटोग्राफरकडे तोंड करून सांगितलं. मला हसू आवरेना. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

मला बोलावलं होतं ते साक्षीदार म्हणून. ते टीव्हीवर एक किस्सा नेहमी सांगत. तरुणपणी खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात ते व्याख्यानाला गेले, तर अमावास्येच्या भीतीने अख्खा गाव दारं लावून बसला होता. तो गाव उरणजवळचा. त्यांना बोलावणारा शाळामास्तर मी.

गोष्ट साठीच्या दशकातली; नवी मुंबई हे नाव अजून कुणाला सुचलं नव्हतं. मी पुण्याहून आलेला, चार पुस्तकं वाचलेला. तारे ठळक दिसावेत म्हणून मी अमावास्या धरली. शेजारचा तांडेल, माझ्याच वयाचा, होडीचा म्होरक्या, त्याने हटकलं.

"मास्तर, अवसेला उधान हाय. सगले डोलीवर मासलीला जातील. तुमचं भाषान आयकाला काय बोंबील येतील?"

मी ऐकलं नाही. अमावास्येला मोठी भरती येते, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. त्या ओढीच्या पाण्यातच डोलीचं, समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधलेलं, जाळं भरतं, हे काही पुस्तकात नव्हतं.

पाहुणे लाँचने मोऱ्याच्या बंदरात उतरले, दुर्बिणीची पेटी स्वतः उचलून. संध्याकाळी शाळेच्या अंगणात तीन म्हातारे आणि एक कुत्रा. त्यांनी न रागावता विचारलं, "गाव कुठं गेला?"

समुद्रावर, एवढंच सांगायचं होतं. पण मग ही तारीख कुणी ठरवली, हे निघालं असतं. मी म्हणालो, "अंधश्रद्धा, दुसरं काय! अवसेला उंबरा ओलांडत नाहीत."

त्यांनी विश्वास ठेवला. खरं सांगितलं असतं, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी आनंदाने होडीत बसला असता.

पुढे टीव्ही आला. कोळीवाड्यात पहिला तांडेलानेच घेतला. एका रविवारी त्याने मला हाक मारून समोर बसवलं. पडद्यावर तोच किस्सा चालला होता.

"आमी अवसेला घाबरतो? ह्याला कोनी सांगलं, मास्तर?"

"कोण जाणे," मी म्हणालो.

शोकसभेतही मी त्यांच्या सोप्या मराठीबद्दल दोन मिनिटं बोललो आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तांडेलाकडे गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं.

"ठावं हाय," तो म्हणाला. "त्या दिशी त्याच्याशी बोललं कोन? तुमीच ना?"

"मग इतकी वर्षं गप्प का राहिलास?"

"तुमी सांगाल म्हनून." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "आन् मना सांगून काय उपेग, मास्तर? मी तं व्हतो ना डोलीवर. त्याला सांगाला पायजे व्हतं."

त्याच्या सुनेने आतून चहा आणला. तांडेलाने एक कप माझ्याकडे सरकवला.