सिस्टरांची लाल रेघ

सुईचं नेढं घासताना सिस्टर श्वास रोखून धरायच्या, आणि समोर बसलेल्यालाही घेऊ द्यायच्या नाहीत. आधी सुई गॅसवर लाल करायची, म्हणजे पोलादाचा ताठा जातो. मग बारीक कानशीने नेढ्याचा वरचा काठ घासून काढायचा. उरतात दोन शिंगं, तीही भिंगातून दिसणारी. सुईचं टोक जुन्या बॉलपेनच्या नळीत घट्ट बसवलं की हत्यार तयार. त्या शिंगांच्या बेचक्यात सुपर ग्लूचा एवढासा थेंब बसतो. सुई जोडाला टेकवली की थेंब आपण होऊन फटीत पळतो आणि बाहेर काही उरत नाही. बाटलीच्या तोंडाने हेच काम करून बघा, निम्मा गोंद बोटाला लागेल.

सिस्टर कोयनानगरला, धरणाच्या वसाहतीतल्या दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन साताऱ्यात आल्या, तेव्हा मुलीने वेळ जायला म्हणून प्लास्टिकच्या विमानाचा एक संच आणून दिला. त्यानंतर त्यांच्या घराच्या आढ्याला विमानं लटकायला लागली. पंखांमधल्या तारा केसाएवढ्या, आणि जोड कुठे आहे ते शोधून सापडायचं नाही. भाजीवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

माझं सांगलीत मॉडेलच्या सामानाचं दुकान आहे आणि माधवनगरला कारखाना. बिल्डर लोकांना इमारतींच्या छोट्या प्रतिकृती करून देतो. जत्रेत खेळणी विकत इथवर आलोय, कुणाचा हात डोक्यावर नव्हता. त्यामुळे माझ्या काउंटरवर माझीच गोंदाची बाटली आपटणाऱ्या या बाईंचा मला पहिल्या भेटीतच राग आला.

"ह्या तोंडानं म्हशीला औषध पाजता येईल," त्या म्हणाल्या. "विमानाची तार चिकटवता यायची न्हाई."

"आवं सिस्टर, कंपनीनं दिलंय ते तोंड. मी काय करू?"

"तू हात धुवून ये. मग दाखवते."

मालकाला त्याच्याच दुकानात हात धुवायला लावणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. मी धुतले. त्यांनी पर्समधून सुई काढली आणि माझ्यासमोर तुटक्या मॉडेलचा एक कठडा जोडला. मी भिंग लावून पाहिलं, नख फिरवून पाहिलं. जोड कळेना.

"जो गोंद दिसला, तो वाया गेला," एवढं बोलून त्या निघाल्या.

त्या दिवसापासून मी मागे लागलो. मला सुया करून द्या, दुकानात ठेवतो, तुमचं नाव छापतो, तुम्ही म्हणाल तो भाव. मी आजवर भल्याभल्यांना भावात वाकवलंय. सिस्टर मात्र भावापर्यंत येतच नव्हत्या. "विकायच्या न्हाईत. शिकायच्या असतील तर ये." जो येईल त्याला फुकट शिकवायच्या आणि मला, धंदेवाल्याला, विकत द्यायच्या नाहीत! हे मला अजून पटलेलं नाही.

मग इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याचं काम आलं. नव्या डिस्टिलरीची प्रतिकृती, कारखान्याच्या दारातच ठेवायची. तिथले मोठे इंजिनिअरसाहेब सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, "सांगलीवाल्यांना हे जमणार नाही. पुण्याहून करून घेऊ." मी भांडून काम मिळवलं. इमारतीला पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या होत्या आणि सुपर ग्लू थोडा जरी जास्त झाला तरी असं प्लास्टिक धुरकट पांढरं पडतं. एक खिडकी जरी डागाळली, तरी साहेबांचं बोलणं खरं ठरणार होतं. मी साताऱ्याला गेलो आणि सिस्टरांना गाडीत घालून आणलं.

त्या आल्या तो दिवस खंडेनवमीचा. माझी बायको हत्यारांना हळदकुंकू लावत होती. करवती, पकडी, ड्रिल सगळं मांडलेलं. सिस्टरांनी आपल्या सुयाही पुढे केल्या. "ह्यांनाबी लाव गं. ह्यांनीच मला म्हातारपणी जगवलंय."

दसरा झाला आणि कामाला बसलो. एरवी सिस्टर प्रत्येक सुई वापरण्याआधी ज्योतीतून काढायच्या. त्या दिवशी पूजेचं कुंकू विस्तवात घालायला त्यांचा हात धजेना. पदराने पुसली, कपाळाला लावली आणि पहिल्या खिडकीच्या जोडाला टेकवली. बेचक्यात कुंकवाचा कण राहिला होता. थेंब फटीत शिरला आणि शिरेत रक्त भरावं तशी लाल रेघ खिडकीच्या कडेने वर चढत गेली.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. सिस्टर सुई पुसत बसल्या होत्या.

"झालं वराडून?"

"आवं, काम गेलं माझं! त्यो इंजिनिअर लय हसंल आता!"

"काच डागाळलीय का?"

मी वाकून पाहिलं. खिडकी पाण्यासारखी स्वच्छ होती. कडेला फक्त ती रेघ, तासलेली असावी इतकी सरळ.

"मग रडतोस कशाला? कुंकवाची डबी आण."

पुढचं मी उभ्याने पाहिलं, कारण बसायचं सुचलं नाही. कुंकू लागलं की गोंद पटकन आवळतो, पुन्हा संधी नाही. सिस्टर सुईच्या शिंगावर कण घेत, थेंब घेत, श्वास धरत आणि टेकवत. एकेका खिडकीला तीच रेघ, तेवढीच जाड, त्याच उंचीवर थांबणारी. एकही फुटली नाही, एकही पसरली नाही. मी नशीब मानणारा माणूस नाही, पण त्या हाताकडे बघून मी मनातल्या मनात नमस्कार केला.

साहेब आले, भिंग मागून बघत राहिले. "या लाल कडा कशा काढल्या?"

"खास पद्धत आहे आमची," मी म्हणालो.

"पद्धत कसली," सिस्टर मध्येच बोलल्या. "पहिली चुकून झाली, माझ्या हातनं. बाकीच्या मुद्दाम केल्या."

आता हसणार, हे मी धरूनच चाललो. साहेब मात्र हसले नाहीत. "पहिली कोणती?" त्यांनी विचारलं. सिस्टरांनी बोट ठेवलं. ते खूप वेळ बघत होते, पण त्यांना फरक सापडला नाही.

सिस्टर मागच्या उन्हाळ्यात गेल्या. नंतर साहेबांचा फोन आला, दुसऱ्या युनिटची प्रतिकृती हवी, तशाच लाल कडांची. मी सुया केल्या, आठवडाभर बसलो. माझी रेघ कुठे जाड, कुठे तुटलेली. शेवटी मीच फोन केला. "न्हाई जमायचं साहेब. करणारी बाई गेली." हातातलं काम मी आयुष्यात पहिल्यांदा सोडलं.

मग साहेबांनी कारखान्याच्या दारातल्या त्या प्रतिकृतीवर काचेची पेटी बसवून घेतली. तिकडे गेलो की मी थांबतो. पेटीच्या काचेवर दाराचा उजेड पडतो, त्यामुळे उभ्याने काही दिसत नाही. रेघ बघायची तर गुडघे टेकून खाली वाकावं लागतं. येणारेजाणारे बघतात. मी वाकतो.