टोकात काय भरलंस?

मी वसईजवळच्या गोखिवऱ्याहून नॉर्वेला निघाले तेव्हा बाबा शेडमधून बाहेर आले नाहीत. रिक्षा दारात उभी होती. आतून आवाज आला, "रेझिन कालवलंय, लगेच घट्ट होतं, आता थांबता येत नाही. तू नीघ." फायबरग्लासच्या टाक्या आणि दरवाजे बनवणारा आमचा छोटा कारखाना. तो मी चालवावा अशी त्यांची इच्छा होती. विमानतळापर्यंत मी रडले, ती रागाने.

पुढची पंधरा वर्षं आमचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नाही. मी त्यांना चांगलं तेवढंच दाखवायचे. नवं किचन, मुलीची बक्षिसं, खिडकीबाहेरचा बर्फ.

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीने, इशाने, तळघरात स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या पट्ट्या, बनवल्या. स्कीच्या आत लाकूड असतं, पण ते वर वळलेल्या टोकाच्या अलीकडेच संपतं. पुढची जागा प्लास्टिकच्या पातळ तुकड्याने भरायची आणि वरखाली फायबरग्लास चिकटवायचं. मागवलेलं प्लास्टिक वेळेत आलं नाही, म्हणून मी पांढरा चॉपिंग बोर्ड कापून बसवला. स्की देखण्या झाल्या.

शनिवारी सकाळी इशा त्या घेऊन डोंगरावर गेली आणि मी मोठ्या तोऱ्यात बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी मी पाठवलेले फोटो पाहिले. मग विचारलं, "टोकात काय भरलंस?"

मी उरलेला तुकडा दाखवला.

"अगं, रेझिन चिकटू नये म्हणून आम्ही तेच खाली अंथरतो. ते धरणार नाही. कुठे आहेत त्या स्की?"

"इशाच्या पायात."

"थांबव तिला!"

इशाचा फोन टेबलावरच राहिला होता. मी गाडी काढली. वीस मिनिटांचा रस्ता, वर बर्फ गोठून काच झालेला. घाई केली असती तर मीच दरीत गेले असते. पायथ्याशी पोचले तेव्हा ती लिफ्टने वर गेली होती. उतारावरून येणारं प्रत्येक लाल जॅकेट मला तीच वाटत होतं.

शेवटी ती आली ती चालत, स्की खांद्यावर, ओठ फुटलेला. एका स्कीचं टोक चोचीसारखं उघडलं होतं.

"आई, खडखड आवाज यायला लागला म्हणून मी मुद्दाम पडले," ती म्हणाली.

तिला जवळ घेतलं तेव्हा माझ्या खिशातून कुणीतरी खोकलं. कॉल मी बंदच केला नव्हता. सगळा रस्ता बाबा फोनवर होते. मी फोन कानाला लावला.

"पोर?" एवढंच ते म्हणाले.

"ठीक आहे, बाबा."

पुढच्या रविवारी त्यांनी फोनवरून आमच्याकडून दुसरी जोडी करून घेतली. या वेळी रेझिन धरणारं प्लास्टिक होतं. "दोन्ही बाजू खरवड. अजून. चकाकी दिसता कामा नये." लाकडाला खाच, प्लास्टिकला दात, दोन्ही एकमेकांत बसवून चिकटवले. दाबताना सरकू नयेत म्हणून वर टेप लावली. इशा त्यांना नॉर्वेजियन मिसळलेल्या मराठीत प्रश्न विचारत होती आणि ते कारखान्यात कामगारांशी बोलायच्या वसईच्या हिंदीत उत्तरं देत होते.

गावी मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या परदेशी निघून आलेल्यांनो, घर कुठलं असं कुणी विचारलं की मी पूर्वी अडखळायचे. आता अडखळत नाही. काही मोडलं, बिघडलं, की आधी बाबांना फोन लावते आणि कॅमेरा थेट त्या तुटलेल्या जागेवर धरते.