पाचव्या क्रमांकाची विहीर

पुण्याजवळच्या भुकूमहून मी निघाले त्या दुपारी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सुरू केलेली गाडी दोनदा बंद केली. काहीतरी राहिलंय, असं त्यांना सारखं वाटत होतं. राहिलं काहीच नव्हतं. मागच्या सीटवर आई माझी कागदपत्रांची फाइल छातीशी धरून बसली होती. आमच्या खोल्यांमधल्या भाडेकरू बायका गेटपाशी उभ्या होत्या. त्यात उदगीरकडच्या मीनावहिनी. त्यांनी कडेवरच्या पिहूचा हात धरून मला टाटा करायला लावला. अण्णा एवढंच म्हणाले, "कुणाला भ्यायचं न्हाई. आपण कुणाचं वाईट केलंय व्हय?" मी मान हलवली. घशाला कोरड पडली होती.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे लांब गेले, त्यांना ही कोरड ठाऊक असेल. जर्मनीतल्या एका लहान शहरात मी पाण्याचा अभ्यास करायला आले. पहिले काही महिने फोन वाजला तरी दचकायचे, पलीकडचा माणूस भराभर जर्मन बोलेल म्हणून. गावात मला 'अण्णांची वैशू' म्हटलं की पुरायचं. इथे आडनावाचं स्पेलिंग तीनदा सांगावं लागे. तरी सरावले. मास्टर्स झालं, आणि पीएचडीसाठी रिसर्च प्रपोजल लिहायची वेळ आली.

विषय शोधावा लागला नाही. शहर गावात शिरलं की गावच्या विहिरींच्या पाण्याचं काय होतं, हे मी लहानपणापासून बघत होते. मागच्या हिवाळ्यात सुट्टीला घरी गेले, तेव्हा भुकूममधल्या नऊ विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून, बर्फाच्या डब्यात ठेवून, पुण्याच्या एका लॅबमध्ये दिलं. अण्णा स्वतः गाडी घेऊन बरोबर फिरले. ज्याच्या त्याच्या विहिरीवर सांगायचे, "आमच्या वैशूचा रिसर्च हाय. लई मोठं काम हाय."

मी परत आल्यावर रिपोर्ट ईमेलने आला. मैल्यातले जंतू सगळ्यात जास्त होते ते पाचव्या क्रमांकाच्या विहिरीत. ती आमची होती.

कारण मला त्याच क्षणी कळलं. खोल्यांच्या संडासांचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, अगदी जवळ आहे. जागा अण्णांनी ठरवली होती. मी बारावीत होते, आणि मोजायच्या टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं. आमच्या घरात फिल्टर आहे. खोल्यांतली चौदा बिऱ्हाडं मात्र टाकीचं पाणी तसंच पितात, आणि टाकीत पाणी येतं त्या विहिरीचंच.

मी काय केलं ते लिहायला आजही हात कचरतो. प्रपोजलच्या तक्त्यातली पाचवी ओळ मी डिलीट केली.

चार दिवसांनी माझ्या प्रोफेसर बाईंनी मसुदा वाचून विचारलं, "तू नऊ विहिरी म्हणाली होतीस. इथे आठच दिसतायत."

"एक बाटली प्रवासात फुटली," मी म्हणाले. त्यांनी समजून मान डोलावली, आणि त्या समजूतदारपणाचीच मला जास्त भीती वाटली. त्यानंतर मेथडॉलॉजीचं पान उघडलं की मी ते लगेच बंद करायचे. खरं लिहिलं तर अण्णांची गावात मान खाली. नाही लिहिलं तर मी कसली संशोधक? आणि या दोन्हींच्या खाली तिसरी भीती होती, तिच्याकडे मी बघतच नव्हते.

ती आईच्या फोनमधून आली. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि जाता जाता ती म्हणाली, "मीनाच्या पिहूला कावीळ झालीया. दवाखान्यात ठेवलंय. डोळं पिवळंजर्द झाल्यात गं पोरीचं."

मी आईला फोन अण्णांकडे द्यायला सांगितलं. एका दमात सगळं बोलून टाकलं: रिपोर्ट, खड्डा, टाकी. पाणी आत्ताच्या आत्ता बंद करा, म्हटलं.

मग अण्णा म्हणाले, "कवा आला रिपोट?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडं तू गप बसलीस?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "आन् आता तितं बसून आमची अब्रू काढनार?" फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी प्रोफेसर बाईंकडे जाऊन खरं सांगितलं. आता हाकलून देतील अशीच खात्री होती. त्यांनी मसुदा काढून तो तक्ता उघडला. मग म्हणाल्या, "ओळ परत घाल. आणि विहीर कुणाची आहे, तेही लिही." मी लिहिलं: पाचव्या क्रमांकाची विहीर संशोधकाच्या कुटुंबाची आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला सबंध दुपार लागली.

आईकडून कळत गेलं. माझा फोन झाला त्याच संध्याकाळी अण्णांनी पंप बंद करून टँकर मागवला. दुसऱ्या दिवशी खोलीखोलीत जाऊन सांगितलं, "हे पानी पिऊ नका, चूक माजी हाय." खड्डा बुजवून दुसरा लांब खणला. पिहू बरी झाली, पण मीनावहिनी खोली सोडून गेल्या. जाताना त्या आईशी बोलल्या, अण्णांशी नाही. अण्णा माझ्याशी बोलले नाहीत.

प्रपोजल मंजूर झालं. फील्डवर्कसाठी भुकूमलाच जायचं ठरलं. ते कळवायला मी फोन केला, तेव्हा कित्येक महिन्यांनी अण्णांनी स्वतः उचलला.

"किती दिस हायेस?" त्यांनी विचारलं. आणि मग, "उतरनार कुणाकडं?"

पाहुण्याला विचारतात तसं.

"घरी," मी म्हणाले. "चालेल ना?"

जन्मात कधी हे विचारलं नव्हतं. पूर्वी मला वाटायचं, जिथं असं विचारावं लागत नाही ते घर. पलीकडे अण्णांचा श्वास ऐकू येत होता. मी डोळे मिटून थांबले. आता माझ्यासाठी घर म्हणजे ही एकच जागा आहे, जिथल्या उत्तराची मला एवढी भीती वाटते.

"चालंल," ते म्हणाले. "पर गावातल्या समद्यांना तूच समोर बसून सांग काय ते. मी बसंन तुज्याजवळ."