छबिलीच्या दिवशी पंपाला कुलूप

आता काय लपवायचं तुमच्यापासून! स्वतःची फजिती मी कधी सांगत नाही. ही सांगतो, कारण हिच्यात मोठेपणा आमच्या साहेबांचा आहे. माझा वाटा फक्त गाढवपणाचा.

मी फलटणचा. चंडीगडला एका कारखान्याच्या इमारतीची देखभाल माझ्याकडे होती. फाटक, दिवे, बाग, पाण्याचा पंप, सगळं माझ्या ताब्यात. माझ्या हुकमाशिवाय नळ ठिबकत नसे!

तिथला माझा पहिलाच उन्हाळा. मॅनेजर सरदारजी. संध्याकाळी घरी जाताना म्हणाले, "पाटीलजी, कल पानी कम नहीं पड़ना चाहिए. पक्का?"

"पक्का, साहेब."

सकाळी बघतो तर काय! सुट्टी असून सगळे कामगार फाटकाबाहेर. टेबलं आडवी टाकलेली, पिंपं मांडलेली. हात पसरून मोटारी, बस, सायकली, दिसेल ते अडवतायत. नुसता आरडाओरडा. दिवस घेरावांचे. दुसरं काय असणार, सांगा?

साहेबांना आधीच कुणकुण लागली होती तर! म्हणून पाणी राखायला सांगितलं. यांनी आग लावली तर?

मी फाटक लावलं. पंपाला कुलूप ठोकलं. किल्ली खिशात, दंडुका हातात.

"ओ पाटीलजी, पानी छोड़ो!" बाहेरून एक कामगार ओरडला.

"एक थेंब मिळणार नाही!" मी मराठीतच गरजलो. रागावायला मला हिंदी पुरत नाही.

"बरफ पिघल रही है, यार!"

घेराव घालणाऱ्यांना बर्फ लागतो? लागत असेल. ऊनच तसलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून बाह्या सरसावलेला एक माणूस फाटकाशी आला. दाढीवर गुलाबी सरबताचे शिंतोडे. साहेब!

"साहेब, तुम्हालाही धरलं यांनी?"

साहेब पोट धरून हसले. "ओये पाटीलजी, आज छबील है!"

मग उलगडा झाला. शिखांच्या पाचव्या गुरूंच्या हौतात्म्याचा दिवस. ज्येष्ठाच्या उन्हात येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचं आणि थंडगार, गोड, गुलाबी दूधपाणी पाजायचं. जात विचारायची नाही. पाणी कारखान्याचं, बर्फ कारखान्याचा, टेबलं कँटीनची. आणि पेले विसळायला खुद्द मॅनेजर! असा साहेब मी पुन्हा पाहिला नाही.

मुकाट्याने कुलूप काढलं. म्हटलं, "मलाही काम द्या."

"गाडियाँ रोको," साहेब म्हणाले.

झालं! खाकी कपडे, या मिशा आणि विसरून हातातच राहिलेला दंडुका. मी रस्त्यात उभा. पहिलाच स्कूटरवाला कचकन थांबला. उतरून हात जोडले.

"लायसन घर रह गया, जी. माफ कर दो."

"पियो!" मी म्हणालो.

बिचाऱ्याने घटाघट तीन पेले रिकामे केले. मग कापऱ्या आवाजात विचारलं, "और कितने पीने पड़ेंगे, साहब जी?"