दह्याला पांघरलेली शाल

नातीचे डोळे आत गेले होते, मान माझ्या दंडावर पडली होती आणि रडायला गेली तर आवाज फुटत नव्हता. सकाळपासून उलट्या-जुलाब चालू होते. माझी लेक दह्याची वाटी घेऊन धावत आली, कारण त्या घरात कुणाला काहीही झालं की आधी दहीच यायचं. तेव्हा माझ्या विहीणबाई म्हणाल्या, "ठिव ते दही बाजूला. जीप बोलाव, जालन्याला जायचं." मी पोरीकडे बघायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. दही बाजूला ठेव, हे त्यांच्या तोंडून त्याआधी कुणीच ऐकलं नव्हतं.

माझी लेक कुंभार पिंपळगावात दिली आहे. या तिच्या सासूबाई. त्यांनी दह्यावर जेवढा जीव लावला तेवढा माणसांनी माणसांवर लावलेला मी पाहिला नाही. लेकरू धडधाकट करायचं तर पोटापासून सुरुवात करा, हे त्यांचं म्हणणं. म्हणून गल्लीतल्या पोराला त्या नाव विचारत नाहीत, इयत्ता विचारत नाहीत, "पोट साफ झालं का रं?" एवढंच. मोठी पोरं त्यांना पाहून दुसऱ्या गल्लीनं जातात. लहान सापडतात. त्यांना ओट्यावर बसवून ताक पाजतात, उन्हाळ्यात ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची आंबील. एकदा अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं की दह्यात चांगले जंतू असतात, ते पोटात राहून आजाराशी भांडतात. दुसऱ्या कुणी जंतू ऐकून दही सोडलं असतं. विहीणबाई खूश झाल्या. "आपलीच माणसं हैत ती. पोटात आपलं माणूस नको का?" तेव्हापासून विरजण लावायच्या आधी दुधात दोन-दोनदा बोट बुडवून बघतात. दूध जास्त गरम असलं तर माणसं भाजतील.

माझ्याकडे टेंभुर्णीला यायच्या तेव्हा कपड्यांची पिशवी एसटीच्या फळीवर आणि विरजणाची डबी मांडीवर. माझ्या घरी दही नव्हतं असं नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी ते चाखलं, "बरं है" म्हणाल्या आणि न विचारता माझ्या पातेल्यात आपलं विरजण सोडलं. मला राग आला. दही चांगलं लागलं, तो भाग वेगळा.

लग्नात मी त्यांना मानाची शाल दिली होती, चांगली भारीतली. एका थंडीत गेले तर ती शाल दह्याच्या गाडग्याला गुंडाळलेली.

"इहीणबाई, ही शाल मी तुम्हाला दिल्ती," मी म्हटलं.

"मंग? मला थंडी वाजत न्हाई. त्याला वाजती."

त्यांचा एक कायदा मात्र फार कडक होता. दह्यात साखर नाही. माझा जावई, म्हणजे त्यांचा पोटचा पोरगा, जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहे. दिवसभर भट्टीपुढे राबून आलेल्या माणसानं एकदा वाटीत चमचाभर साखर घेतली, तर त्यांनी वाटीच उचलली. "साखर खायची तर साखर खा. दह्याला कशाला बदनाम करतो?"

तर त्या दिवशी जीपमध्ये त्या सगळी वाट अंगणवाडीतल्या पुडीचं मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पोरीला पाजत होत्या. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी वाकडं बोलते. म्हटलं, "कुठं गेली तुमची माणसं?"

त्यांनी चमचा थांबवला नाही. "ती घर सांभाळायला हैत, इहीणबाई. आता घर पेटलंय. आता दवाखाना."

दवाखान्यात सलाईन लावलं. पहिल्या दिवशी डॉक्टरही काही सांगेनात. पुढं जुलाब थांबले, तर वेगळीच पंचाईत झाली. पोरगी काही खाईना. डॉक्टर म्हणाले, आता दही-भात द्या. जावयानं गावाकडून डबा आणला. विहीणबाईंनी पदर खोचला, भात कालवला, घास पुढं केला. पोरीनं ओठ मिटले. गाणी म्हणून झाली, काऊ-चिऊ झाले. ओठ मिटलेलेच. शेवटी ती पुटपुटली, "ग्वाड पायजे."

विहीणबाईंनी घास परत डब्यात ठेवला. मग मला म्हणाल्या, "इहीणबाई, खालच्या चहाच्या टपरीवरून साखर आणता का? जल्दी या."

मी कागदात साखर आणली. त्यांनी स्वतःच्या चिमटीनं ती भातावर टाकली. पोरीनं तोंड उघडलं.

"आता न्हाई का दही बदनाम होत?" मी म्हटलं.

"गप बसा. लेकरू खाऊन राह्यलं."

आता विहीणबाईंचे हात थरथरतात. दूध सांडतं, म्हणून विरजण माझी लेक लावते. शाल मात्र त्या स्वतःच गुंडाळतात. वेळ लागतो, पण दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. मागच्या थंडीत गेले तर गाडग्याशेजारी साखरेचा डबा होता. जावयानं हात घातला की अजून ओरडतात. त्या घरात दह्यात साखर घ्यायची मुभा एकीलाच आहे. ती शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि वाटी घेऊन आजीला टेकून बसली. तीच ती पोरगी. वाचली.