दादाच्या सदऱ्याची टोकं

नातवंडांनो, मायक्रोस्कोपखाली दिसेल तेवढंच मी आयुष्यभर खरं मानलं. शकुन, करणी, भूत... कशावरही विश्वास नाही. तरी हे लिहिते आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी मुंबईच्या एका लॅबमध्ये रक्तातल्या पेशींचे क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, तपासायची. विशिष्ट रंग दिला की प्रत्येक क्रोमोसोमवर आडवे पट्टे उमटतात. फोटो काढायचा, कात्रीने एकेक कापायचा आणि पट्टे बघून जोड्या लावायच्या.

त्या दिवाळीत जानेफळला माहेरी गेले. वहिनीचा गर्भ तिसऱ्यांदा पडला होता. आई तिच्यासमोरच म्हणाली, "हिच्याच रक्तात खोट हाय. दुसरी सून पाहू."

वहिनी ओसरीवर गोधडी शिवत होती — बाळाची, आई-बापाच्या जुन्या कपड्यांची. तिच्या लुगड्याच्या पट्ट्या सरळ होत्या. पण दादाच्या दोन सदऱ्यांच्या पट्ट्यांची टोकं बदललेली. निळ्याच्या टोकाला लाल, लालच्या टोकाला निळं. मला हसू आलं.

"हसता काऊन, ताई? उसवून उसवून शिवली. हात तसाच जाते."

आईला कसंबसं थांबवलं. "आधी दोघांचं रक्त तपासू, मग ठरव," म्हटलं आणि दोघांना मुंबईला नेलं.

वहिनीच्या जोड्या चोख जुळल्या. मग दादाचे फोटो कापायला घेतले. दोन क्रोमोसोम काही केल्या जोडीत बसेनात. मी पट्टे पुन्हा पाहिले... आणि कात्री हातातच राहिली. त्या दोन्हींची टोकं एकमेकांत बदलली होती! याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. माणूस स्वतः ठणठणीत असतो, पण गर्भ बरेचदा टिकत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर ती ओसरीवरची गोधडी होती.

जानेफळला जाऊन आईला सांगितलं. दादाच म्हणाला, "माय, आता मले काढून दुसरा पोरगा आणतं का?"

दुसऱ्या सुनेचा विषय तिथेच संपला. पुढे तुमची सुमन मावशी झाली, धडधाकट. त्याच गोधडीत वाढली.

हा योगायोग, असं मी स्वतःला बजावत राहिले. मग माझ्या रिटायरमेंटच्या सुमारास क्रोमोसोम रंगीत दाखवणारं तंत्र आलं. दादाचं रक्त पुन्हा घेतलं. स्क्रीनवर एक क्रोमोसोम निळा, टोक लाल. दुसरा लाल, टोक निळं. हे रंग काही क्रोमोसोमचे नसतात, आपल्याला द्यावे लागतात. ते लॅबमधल्या ज्या मुलीने निवडले, तिने जानेफळचं नावही ऐकलेलं नव्हतं.

गोधडी आता माझ्याकडे आहे. परवा वहिनीला फोनवर पुन्हा विचारलं, तुला तेव्हा कसं कळलं?

"मले काय कळते, ताई? मी तं फक्त शिवली."

मी तर फक्त पाहिलं; काय पाहिलं, ते मात्र मला अजून सांगता येत नाही.